दोन चंद्रांची भरती

आमची होडी दोन चंद्रांमुळे चिखलात रुतली. दोन्ही चंद्र खोटे होते. चिखल मात्र खरा होता.

सुरुवात झाली ती तुषारची पाळी बदलल्यामुळे. तुषार हा माझ्या मुलीचा, प्रणालीचा मित्र. तो बोईसरला कारखान्यात आहे आणि प्रणाली तिथेच एका ऑफिसात. हे चार मित्रमैत्रिणी रविवारी जमून एक खेळ खेळतात. मला समजला तेवढा सांगते. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीत शिरतात. कोणी जादूगार होतो, कोणी चोर. गोष्ट सांगणारा म्हणतो, समोर राक्षस आलाय, काय कराल? तुम्ही म्हणायचं, पळून जाईन. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर पळालात, लहान आला तर राक्षसाने धरलं. कोणाला पळायला किती आकडा लागतो, कोण किती वजन उचलतो, हे सगळं एका जाड पुस्तकात लिहिलेलं असतं. या चौघांत गोष्ट सांगणारी आमची प्रणाली.

आठ महिने हा खेळ पालघरला, त्यांच्यातल्याच केतकीच्या घरी चालला. त्या रविवारी पहिल्यांदा तो आमच्याकडे, चिंचणीच्या पलीकडे होता. प्रणालीने कधीच कोणाला घरी बोलावलं नव्हतं. शाळेत असताना बाकावरच्या मुलीने, तुझ्या दप्तराला सुकटीचा वास येतो, म्हणून जागा बदलून घेतली होती. तेव्हापासून ती मैत्रिणींना बाहेरच भेटायची. (वास येत होता हे खरं आहे. आमच्या घरात तो देव्हाऱ्यालाही येतो.) म्हणून तिने त्या दिवशी सकाळपासून तीन वेळा लादी पुसली, दोन वेळा उदबत्ती लावली, आणि मग तुषारचा फोन आला की त्याला पाळीवर थांबवलं आहे.

"मग होडी कोण वल्हवणार?" केतकी म्हणाली. गोष्टीत ते सगळे होडीत बसले होते आणि वल्हवणारा तुषार होता.

प्रणालीने इकडेतिकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

"आई, तू बस."

बाजारात मासे विकताना सोडलं तर मी परक्या माणसांशी बोलत नाही. टपालवाल्यालाही मी मान हलवून उत्तर देते. पण मुलीचं तोंड बघून मी ट्रे ठेवला आणि बसले. तुषारचा माणूस माझ्या वाट्याला आला. बुटका, दणकट, हातात कुऱ्हाड. अशा रीतीने वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मला गुडघ्यापर्यंत दाढी आली.

"घाबरू नको," प्रणाली म्हणाली. "नियम समजला नाही तर विचार. विचारायला लाजायचं नाही."

हे वाक्य तिने बोलायला नको होतं.

मी मनात ठरवलं, आपल्यामुळे लेकीची मान खाली जाता कामा नये. जे करायचं ते नीट समजून करायचं.

"माज्या अंगात काय हाय?" मी विचारलं.

"लोखंडी चिलखत."

"होडीत?"

"हो."

"मग काढून ठेवते. पडले तर तलाला जाईन."

केतकीने पुस्तक उघडलं. नियमांच्या बाबतीत ती फार कडक. "काकू बरोबर बोलतायत. चिलखत घालून पोहता येत नाही." झालं. राजेश नावाचा मुलगा होता, बोईसरच्या कारखान्यातलाच, त्यालाही चिलखत होतं. त्यानेही काढलं. चिलखत काढायला किती वेळ लागतो याचाही नियम निघाला. मग मी विचारलं, होडी फळ्यांची का फायबरची? वल्हं मारताना दाढी कुठे ठेवायची? दाढी ओली झाली तर वजन किती वाढतं? केतकी पानं उलटत होती आणि राजेश चकल्या संपवत होता.

शेवटी प्रणाली म्हणाली, "होडी खाडीच्या मुखाशी आली. पुढे वाळूचा दांडा आहे, त्याच्यावर लाटा फुटतायत. पलीकडे समुद्र. पाच दिवसांत बेटावर पोचला नाहीत तर राक्षस परत येईल. आई, फासा टाक. पंधराच्या वर आला तर होडी दांड्यावरून पार."

मी फासा खाली ठेवला. "तिथी कोणती?"

"काय?"

"आज तिथी कोणती? भरती हाय का ओहोटी, ते कलल्याशिवाय दांड्यावर होडी कोण घालतं?"

आमच्याकडे तिथी विचारल्याशिवाय कोणी खाडीतून बाहेर पडत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पाणी भरलं. ही पाऊणकी मला माझ्या वडिलांनी मासे निवडता निवडता पाठ करून घेतली होती.

"आई, तिथे तिथी नाहीये."

"चंद्र असल ना?"

प्रणाली म्हणाली, "दोन आहेत."

आठ महिन्यांपूर्वी गोष्ट सुरू करताना तिने आकाशात दोन चंद्र टाकले होते, शोभेसाठी. आम्ही शोभेसाठी तोरण लावतो. मी वल्हं खाली ठेवलं (म्हणजे तसं सांगितलं) आणि म्हटलं, "दोन चंद्र म्हंजे दोन तिथ्या. कुठल्या तिथीची पाऊणपट धरायची?"

"आंटी, डाइस फेंको ना," राजेश म्हणाला.

"थांब रे," केतकी म्हणाली. "मुद्दा बरोबर आहे. पुस्तकात यावर काहीच नाही."

पुस्तकात नाही म्हटल्यावर त्या दोघांची जुंपली. तीन तास झाले, होडी एक वीतही पुढे गेली नाही. जाताना राजेश चप्पल घालत नम्रपणे म्हणाला, "प्रणाली, नेक्स्ट संडे लास्ट ट्राय करते हैं। नहीं हुआ तो मेरे रूम पे शिफ्ट करेंगे, मेरा एक दोस्त चलाएगा। उसके गेम में आदमी जल्दी मरता है, पर गेम आगे तो जाता है।"

"तुझी चूक नाही गं, आई," प्रणाली नंतर म्हणाली, आणि एकच कप तीन वेळा धुतला.

तो कप बघून मी पक्कं केलं. पुढच्या रविवारी होडी खाडीबाहेर पडलीच पाहिजे. खेळ आमच्याच घरात राहिला पाहिजे. त्यासाठी दोन चंद्रांची भरती काढायची, मग काहीही होवो.

सोमवारी मी प्रणालीला ऑफिसात फोन केला. (मी तिला ऑफिसात पूर्वी एकदाच फोन केला होता, तिची आजी पडली तेव्हा. त्यामुळे तिने घाबरूनच उचलला.)

"थोरला चंद्र किती दिवसांनी फिरतो?"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"धाकला किती?"

"थोरला तीस, धाकटा बारा. ठेवते."

"पानी कोन किती ओढतो?"

"धाकटा निम्मं," ती दबक्या आवाजात म्हणाली. मागे कोणीतरी हसलं.

मी वही काढली. पाट्यावर एक वाटी थोरला चंद्र, एक लसणीची पाकळी धाकटा. हे करत असताना माझे सासरे आत आले. ते जन्मभर होडीचे तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या हुकमावर चालायची. आता डोळ्यांमुळे समुद्रावर जात नाहीत, आणि कोणी त्यांना समुद्राबद्दल विचारतही नाही.

"काय चाललंय?"

मी सांगितलं.

"दोन चंद्र? कुटल्या गावाला?"

"गोष्टीतल्या, बाबा."

ते खाली बसले. "गोष्टीतलं झालं तरी पानी पान्यासारखंच वागनार," ते म्हणाले आणि लसणीची पाकळी सरकवून बरोबर जागी ठेवली.

आमचे हे पहिल्या दिवशी म्हणाले, "वेड लागलं काय तुमाला दोगांना?" दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी ताटातला बोंबील उचलून वाटीच्या पलीकडे ठेवला आणि म्हणाले, "धाकला हितं असल तर? एक हिकडून ओढील, दुसरा तिकडून. मंग पानी जानार कुटं?" तिसऱ्या दिवशी ते हा प्रश्न धक्क्यावर घेऊन गेले. धक्क्यावर दोन तट पडले. एक म्हणे, धाकट्या चंद्राने उधाण वाढेल, दुसरे म्हणे, मोडेल. जाळी विणायची राहिली. मी बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन बसले असताना एका गिऱ्हाइकाने विचारलं, "पापलेट कधीचं?" मी म्हटलं, "धाकल्या पुनवेचं." ती बाई उठून शेजारणीकडे गेली.

शनिवारी संध्याकाळी कोष्टक तयार झालं. साठ दिवसांचं, कारण साठ दिवसांनी दोन्ही चंद्र पुन्हा पहिल्या जागेवर येतात. प्रत्येक दिवसाच्या दोन तिथ्या, दोन भरत्या, आणि दोघांचं पाणी एकत्र चढेल ते दिवस लाल शाईने. गोष्टीतल्या दिवसापासून तिसऱ्या दिवशी लाल खूण होती. वही मिटली, दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा उपास म्हणून साबुदाणा भिजत घातला, आणि समाधानाने झोपले.

रविवारी पोरं नऊ वाजताच आली. तुषार याही वेळी पाळीवर होता, म्हणजे दाढी माझ्याकडेच होती. राजेशने बसायच्या आधीच घड्याळ पाहिलं.

"आधी पोरांना खाडीचा मुख दाखवू," हे म्हणाले. "दांडा म्हंजे काय ते बगितलं की त्यांना नियम बराबर कलल."

"नको बाबा," प्रणाली म्हणाली. "खेळाला उशीर होईल."

"तासाभरात येतो. पानी अजून भरपूर हाय."

मीही हो म्हटलं. दांडा डोळ्यांनी पाहिल्यावर राजेश काय बोलणार? सासूबाईंनी पोरांसाठी खिचडीचा डबा दिला. मी एका पिशवीत वही घेतली, केतकीने पुस्तक घेतलं. आणि सासरे, जे दोन वर्षांत होडीत बसले नव्हते, ते काठी टेकत आले आणि सुकाणूपाशी जाऊन बसले. त्यांना उठा म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

मुख पाहून झालं. परतताना राजेशने विचारलं, "आंटी, एक बात बताओ। दोनों चाँद आमने-सामने आ गए तो?"

आठवडाभर ज्या प्रश्नावर धक्का पेटला होता तो हा. तिवरांमधली एक अरुंद उपखाडी होती, तिथे वारा लागत नाही म्हणून सासऱ्यांनी होडी आत घातली. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून यांनी इंजिन बंद केलं. पाच मिनिटांसाठी. मी वही उघडली. सासऱ्यांनी सुकाणू सोडलं आणि कोळशाने फळीवर दोन चंद्र काढले. केतकीने पुस्तकातलं वादळाचं पान काढलं. प्रणाली घड्याळ बघत होती, पण तिलाही बोलल्याशिवाय राहवेना, कारण चंद्र तिचे होते. खिचडीचा डबा फिरला.

"काकू, आज खिचडी कशी?" केतकीने विचारलं.

"सासूबाईंची एकादशी हाय," मी म्हटलं, आणि पुढे राजेशला म्हणाले, "तर धाकल्याची षष्ठी धर."

हे मी माझ्या तोंडाने बोलले. सासऱ्यांनी ऐकलं. यांनी ऐकलं. तिघांनीही मान हलवली आणि षष्ठी धरली.

बऱ्याच वेळाने राजेश म्हणाला, "आंटी, ये बोट टेढ़ी क्यों हो रही है?"

"धाकल्या चंद्रामुले," सासरे फळीवरून नजर न काढता म्हणाले.

"नहीं बाबा। सच में टेढ़ी है।"

तेवढ्यात डबा घरंगळत माझ्या पायाशी आला. मी बाहेर पाहिलं. होडीच्या बाजूने एक निवटा, म्हणजे चिखलात उड्या मारत चालणारा मासा, आरामात चालत निघाला होता. पाण्यात पोहत असता तर बरं झालं असतं.

यांनी उडी मारून इंजिन सुरू केलं. पंख्याने चिखल उडवला, तो राजेशच्या पांढऱ्या शर्टावर बसला. यांनी बांबू खुपसला, तो कंबरभर आत गेला आणि वर आला नाही. आता दोन बांबूंऐवजी एकच उरला. उतरून ढकलणार तर माणूसही बांबूच्या मागे गेला असता.

प्रणालीचा फोन वाजला. सासूबाई होत्या. तिने फोनचा आवाज मोठा करून ठेवला.

"कुटं हाव तुमी? पोरांचा जेवान झाकून ठेवलंय."

"आजी, होडी बसली चिखलात."

मग सासूबाई, ज्या शाळेच्या पायरीवर कधी चढल्या नाहीत, त्या एका दमात म्हणाल्या, "आज एकादशी. अकरा पाऊने सव्वाआठ. सव्वाआठला भरती झाली, दोन वाजेपरयंत पानी उतरनार, साडेपाचशिवाय होडी हलायची नाय. होडीत तांडेल कोन हाय?"

तांडेलांनी कोळशाचे दोन्ही चंद्र हळूच तळव्याने पुसले.

अकरा वाजले होते. साडेसहा तास. प्रणाली होडीच्या टोकाला जाऊन पाठ करून बसली. तिचे खांदे मला दिसत होते. आठ महिन्यांची गोष्ट, पहिल्यांदा घरी आणलेले मित्र, आणि सगळे तिवरांच्या वासात, चिखलाने माखून, तिच्याच आईच्या प्रश्नामुळे अडकलेले. राजेश शर्टाकडे बघत होता. आता तो बोईसरच्या खोलीचं बोलणार हे मला कळलं.

तो तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "केतकी, फासा हाय का बरोबर?"

"आहे, काकू."

"मग काड. साडेसा तास हायत." मी मासे ठेवायच्या कप्प्याचं झाकण ओढून मध्ये आणलं आणि पदराने पुसलं. "प्रणाली, हिकडं ये. आमी दांड्याजवल उभे हाव. तीन दिवस थांबतो. तिसऱ्या दिवशी दोनी चंद्राचं पानी एकत्र चडतंय. हे बग."

वही मी तिच्या हातात दिली. तिने पानं उलटली. सोमवारपासूनच्या सगळ्या तिथ्या, लसणीचे डाग, सासऱ्यांच्या अंगठ्याचा कोळसा.

"हे सगळं तू काढलंस?"

"नियम समजला नाय तर विचार म्हनालीस. विचारून झालं, पन पुस्तकात नव्हता. मग केला."

राजेश वहीवर वाकला. मोठ्याने वाचू लागला, बोटाने ताळा करू लागला. "अरे, ये तो सही बैठ रहा है। हम उसी दिन निकलते तो दांडे पे मर जाते सब।"

"ठीक आहे," प्रणाली म्हणाली आणि तिचा आवाज गोष्टीचा झाला. "तिसरा दिवस. दोन्ही चंद्र वर आलेत. दांडा पाण्याखाली गेलाय. आई, फासा टाक. आता पाचच्या वर आला तरी पार."

मी डोळे मिटले, दाढी मागे टाकली आणि सगळ्या जिद्दीने फासा टाकला. जिद्द जरा जास्त झाली. फासा झाकणावर आपटला, उडाला, होडीच्या काठावरून पलीकडे गेला. चिखलात एक बारीक आवाज झाला. आम्ही सगळे वाकून पाहीपर्यंत तिथे फक्त भोक होतं, आणि भोकाशी तोच निवटा.

"किती आला?" हे म्हणाले.

केतकीने पुस्तक उघडलं. दोन्ही बाजूंनी शोधलं. "फासा चिखलात बुडाला तर काय करायचं, हे दिलेलं नाही."

सगळे प्रणालीकडे बघायला लागले. ती उठून उभी राहिली, तिरक्या होडीत जमेल तेवढी ताठ.

"जिला भरती ओळखता येते," ती म्हणाली, "तिला दांड्यावर फासा टाकावा लागत नाही. हा नियम. माझ्या गोष्टीत आजपासून. होडी पार."

राजेशने खाली चिखलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किसको पहचानने आती है?"

पहिल्यांदा सासरे हसले. मग होडीच हसायला लागली, आणि त्यात प्रणालीही होती.

पुढची गोष्ट आम्ही साडेपाचपर्यंत खेळलो. फासा नव्हता म्हणून केतकीने डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आमचे हे राक्षसाच्या बाजूने बोलत राहिले. सासऱ्यांना प्रणालीने बेटावरचा म्हातारा खलाशी केलं, त्यांनी वाट सांगायच्या आधी सगळ्यांची खरडपट्टी काढली. राक्षस मी मारला, कुऱ्हाडीने. तेवढ्यात होडी एकदा डोलली, दोनदा डोलली आणि सरळ झाली.

धक्क्यावर उतरताना राजेश म्हणाला, "अगला संडे भी यहीं।" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पर आंटी, घर में।"

सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून रिकामा डबा घेतला, उघडून आतल्या चिठ्ठ्या बघितल्या आणि म्हणाल्या, "साबुदाना भिजवलेला कोनी?"

ती वही मी जपून ठेवली आहे. दोन चंद्रांच्या साठ दिवसांच्या तिथ्या आहेत, एकही चुकलेली नाही. आमच्या एका चंद्राची एकादशी तेवढी मी आदल्या संध्याकाळी भिजत घातली, सकाळी फोडणी दिली, डब्यात भरून बरोबर नेली, आणि तिथी कोणती, तिथी कोणती म्हणत आठवडाभर दुनियेला विचारणारी मी, ती दोन घास जास्तच खाऊन आले.